पोपट रद्द

"आत्ती, ह्यांना विचारा, डब्यात पिठलं दिलं तर चालेल का."

हे माझ्यापासून दोन हातांवर बसून बुटाची नाडी बांधत होते. सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"आरं, पिठलं चालंल का?"

"चालंल म्हणावं."

"चालंल म्हणतोय."

"रेनकोट घ्या म्हणावं. पठारावर धुकं असणार."

"घेतलाय म्हणावं."

आत्तींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "माझं तोंड दुखाय लागलं बाई. चार दिस झालं, हिकडचा सांगावा तिकडं आन् तिकडचा हिकडं. पोस्टात लागले असते तर आज पेन्शन खाल्ली असती."

आम्ही दोघंही हसलो नाही. अबोल्यात हसलं की हरलं, हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठरलेलं होतं.

ही गोष्ट आमच्या भागात पवनचक्क्या नव्यानं आल्या तेव्हाची. आमचं गाव खोऱ्यात, वाघजाईच्या पठाराच्या पायथ्याशी. एरवी त्या पठारावर गवत आणि कातळाशिवाय काही नव्हतं, आणि वारा. आषाढात तिथं उभं राहिलेलं माणूस चालत नाही, ढकललं जातं. त्या वाऱ्यापायी एका कंपनीनं वर पवनचक्क्या उभ्या केल्या. हे आधी साखर कारखान्यात वायरमन होते, ते कंपनीत गेले आणि वरच्या कंट्रोल रूममध्ये बसू लागले. मी खाली, वीज मंडळाच्या उपकेंद्रात ऑपरेटर होते. माझे वडील लाइनमन. त्यांनी मला हट्टानं डिप्लोमा करायला लावला होता. म्हणजे नवरा वर वीज तयार करायचा आणि बायको ती खाली उतरवून घ्यायची. गावात यावरून पुष्कळ चेष्टा व्हायची. वाणी म्हणायचा, "कणशांच्या घरात भांडण झालं तर आम्ही मेणबत्त्या घेऊन ठेवतो."

भांडण झालं होतं ते कच्छवरून. कंपनी तिकडं नवा प्रकल्प उभारत होती आणि ह्यांना सुपरवायझर करून पाठवायला तयार होती. होकार-नकार त्या पिठल्याच्या दिवशीच संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. ह्यांची फार इच्छा होती. मी म्हटलं, माझ्या नोकरीचं काय. त्यावर हे म्हणाले, "तुझं काम ते काय, इंदू. काटे बघायचे आणि फोनवर आकडे सांगायचे. पोपट ठेवला तरी सांगेल."

मी उठून भाकरी थापायला बसले आणि त्यानंतर ह्यांच्याशी बोलले नाही.

आता घरात अबोला धरता येतो, पण उपकेंद्रात कसा धरणार. आमच्याकडे दोन फोन होते. एक पठाराचा. दुसरा कॅरियर फोन, तो विजेच्या तारांवरूनच लांब भारप्रेषण केंद्रात लागायचा. त्या केंद्राला आम्ही नुसतं एलडी म्हणायचो. राज्यात कुठं किती वीज तयार होते, कुठं किती लागते, याचा तराजू ते लोक रात्रंदिवस हातात धरून बसलेले असतात. दर तासाला पठारावरून मला आकडा यायचा आणि मी तो एलडीला द्यायची. तिथं बहुतेक देवस्थळीसाहेब असायचे. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून वाटायचं, माणूस जाड असावा आणि पान खात असावा.

"नमस्कार बाई. काय म्हणतोय तुमचा वारा?"

"अठ्ठावीस मेगावॉट, साहेब."

"वा. रीडिंग देणाऱ्याचं नाव?"

"पठार."

"बाई, पठाराला नाव असतं का? देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव तोंडानं बोलायचं, असा नियम आहे."

"साहेब, तुम्हाला माहीत आहे ना कोण आहे ते."

"मला माहीत आहे. टेपला माहीत नाही." मग ते हसायचे आणि सोडून द्यायचे.

एलडीतलं सगळं बोलणं टेपवर जायचं, आणि मला नवऱ्याचं नाव घेता येत नव्हतं. आज नातींना सांगितलं तर त्या खो खो हसतात. पण आमच्याकडे बायका नाव घेत नसत. डिप्लोमा झाला म्हणून जीभ थोडीच बदलते. मी ह्यांचं नाव कागदावर हजारदा लिहिलं असेल. लग्नात घास भरवताना उखाण्यातही मी ते असं पुटपुटले होते की मावशीनं विचारलं, "कुणाचं घेतलंस गं?"

त्या दिवशी दुपारी वाऱ्याचं काही खरं नव्हतं. उपकेंद्राच्या पत्र्यावर कुणी वाळू फेकावी तसा पाऊस आडवा येत होता. त्यात आदल्या दिवशी खिंडीतला एक मनोरा दरड येऊन कलला होता. खोऱ्याला वीज आणणाऱ्या दोन लाइनींपैकी एक त्यामुळे बंद होती. अख्खं खोरं, म्हणजे बाजारपेठ, दूध संघ, पाणीपुरवठा, सरकारी दवाखाना, एका लाइनीवर आणि पठारावरच्या वाऱ्यावर उभं होतं.

मी पॅनेलसमोर बसले होते. पठाराचा काटा अठ्ठावीसवर होता. तो एकदम बावीसवर घसरला, घुटमळला आणि परत सत्तावीसवर गेला.

याचा अर्थ मला माहीत होता. फार वारा झाला की पवनचक्की स्वतःला ब्रेक लावून घेते, नाहीतर पाती मोडतील. कड्याच्या तोंडावरची पश्चिमेची रांग नेहमी पहिली बसायची. एक रांग बसली तर बिघडत नाही. चार बैलांच्या गाडीत एक बैल बसला तर बाकीचे ओढून नेतात. चारही एकदम बसले तर जू मोडतं.

थोड्या वेळानं काटा पुन्हा घसरला, आणि या वेळी अठरापर्यंत गेला.

दुसरं दुखणं व्होल्टेजचं. त्या काळच्या आमच्या पवनचक्क्यांना एक खोड होती. त्या वीज द्यायच्या खऱ्या, पण स्वतः चालत्या राहायला त्याच तारेतून थोडा आधार ओढून घ्यायच्या. पाहुण्यानं पेढ्यांचा पुडा आणावा आणि चार वेळा चहा मागावा, तसं. वारा जितका जास्त, तितका चहा जास्त, आणि तितकं लाइनीचं व्होल्टेज खाली. तो चहा पुरवायला आमच्या यार्डात कपॅसिटर होते. ते सगळे मी लावून बसले होते. आता अशात पाहुणे एकदम उठून गेले, तर चूल पेटलेली आणि आधण उतू जाणार. व्होल्टेज उसळणार, उरलेल्या एकट्या लाइनीला हिसका बसणार, आणि ती सुटली की खोरं अंधारात. दुसरी लाइन उभी व्हायला आठवडा लागला असता.

मी कॅरियर फोन उचलला.

"देवस्थळीसाहेब, पठार एकदम बसेल असं वाटतंय."

"वाटतंय, की बसणार आहे?"

"पुढची रांग दोनदा बसून उठली. दुसऱ्या वेळी मागची पण बसली. तिसऱ्यांदा सगळ्या बसतील."

पलीकडे पान चघळायचं थांबलं असावं. "अठ्ठावीस एका दमात गेले तर तुमची ती लाइन टिकायची नाही, बाई."

"म्हणून म्हणते, वाऱ्यानं बसवायच्या आधी आपणच बसवू या. एकेक गट करून."

"थांबा." कागदांची सळसळ, मग दुसऱ्या कुणाशी तरी बोलणं. "धरणावरचा संच तयार ठेवायला सांगतोय. पण पाणी सोडून चढायला त्याला वेळ लागतो. तुम्ही एक गट उतरवा, मी तेवढं भरतो, मग दुसरा. जिन्यावरून म्हातारीला उतरवतो तसं. घाई नको."

"आदेश समजू?"

"समजा. देणार देवस्थळी. लावा पठाराला, मी फोन धरून आहे."

मी एक फोन डाव्या कानाला तसाच ठेवला आणि दुसरा उजव्या कानाला लावला. पठाराचा फोन एवढा खणखणीत होता की तिकडचं बोलणं एलडीलाही ऐकू जायचं.

"पठार. उपकेंद्र बोलतंय."

"बोला."

घरात हे मला अगं-तुगं करायचे आणि ऑफिसच्या फोनवर अहो-जाहो. चार दिवसांत तेवढाच एक शब्द थेट कानावर येत होता.

"पश्चिमेचा गट बंद करा. मग मी सांगेन तसा एकेक. सगळे उतरवायचे आहेत."

"का?"

"एलडीचा आदेश."

"मॅनेजर सकाळीच सांगून गेलेत. सीझनचा वारा आहे, कुणीही सांगितलं तरी हात लावायचा नाही म्हणून."

"पठार, काटा नाचतोय इथं. तुमच्या पवनचक्क्या एकदम बसणार आहेत. बसल्या तर खाली काही शिल्लक राहणार नाही."

तिकडे वाऱ्याचा आवाज एवढा होता की हे समुद्रातून बोलतायत असं वाटत होतं.

"दुसऱ्या कानाला एलडी आहे का?"

"आहे."

"मग आदेश रीतसर द्या. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव."

"दिला की. पठाराला आदेश."

"पठार चालणार नाही. नावानिशी पाहिजे."

माझ्या अंगाची लाही झाली. पुढ्यात काटा थरथरतोय आणि ह्या माणसाला अबोल्याचा हिशेब चुकता करायचा आहे. मी दात-ओठ खाऊन म्हटलं, "ही वेळ आहे का ही? तुम्हाला कळतंय का काही?"

"कळतंय. नाव घ्या."

डाव्या कानातून देवस्थळीसाहेब हळूच म्हणाले, "बाई, तो मागतोय ते नियमातच आहे. घेऊन टाका. आम्ही कुणाला सांगणार नाही."

काटा तिसऱ्यांदा खाली यायला लागला. मी डोळे मिटले. का मिटले कोण जाणे, तिथं बघायला कुणी नव्हतं.

"उपकेंद्रातून इंदुमती कणसे बोलते. एलडीच्या आदेशावरून, पठारावरचे ऑपरेटर हणमंत रामचंद्र कणसे यांना. पश्चिमेचा गट आत्ता बंद करा. परत म्हणा."



"पठारावरून हणमंत कणसे. इंदुमती कणसे यांचा आदेश मिळाला. पश्चिमेचा गट बंद करतो." आवाजात टोमणा नव्हता, हसू नव्हतं. मग लगेच, "केला."

"साहेब, पहिला गट उतरला."

"दिसलं. भरतोय. थांबा." देवस्थळीसाहेबांनी मध्येच विचारलं, "हणमंत म्हणालात ना? वाऱ्याच्याच पोराच्या ताब्यात दिलाय म्हणायचा वारा. हं, भरलं. दुसरा सोडा."

मी यार्डातला एक कपॅसिटर काढला आणि दुसऱ्या गटाचा आदेश दिला. ह्यांनी परत म्हटला. केला. एलडीनं भरला. मग तिसरा. प्रत्येक वेळी पूर्ण नाव. दुसऱ्यांदा जीभ अडखळली, तिसऱ्यांदा नाही. जणू कुठल्यातरी जुन्या दाराची कडी, एकदा निघाली की हलकी.

चौथ्या गटाचा आदेश तोंडात असतानाच तो झोत आला. उपकेंद्राचं दार फळीसकट आदळलं. वर जे थोडे पंखे उरले होते ते एकदम बसले. काटा शून्यावर पडला. सगळा भार एकट्या लाइनीवर आला आणि डोक्यावरचा दिवा मंद झाला, पिवळा, मग तांबडा. मी आणि लाइन दोघी श्वास धरून होतो. मग दिवा हळूहळू भरत आला आणि पांढरा झाला.

"टिकली," देवस्थळीसाहेब म्हणाले.

"टिकली, साहेब."

खाली बाजारात कुणाचा बल्ब मिचकला असेल तर तेवढंच. खोऱ्यातल्या एकाही माणसाला काही कळलं नाही. आमच्या कामाचं हे असंच असतं. चुकलं तर गावभर बोभाटा, आणि जमलं तर काही झालंच नाही.

मी खुर्चीत बसून घोटभर पाणी प्यायले. कॅरियर फोन अजून धरलेलाच होता, साहेब धरणाचे आकडे सांगत होते. तेवढ्यात पठाराचा फोन वाजला.

"उपकेंद्र, पठारावरून संदेश आहे. एलडी ऐकतोय का अजून?"

"ऐकतायत."

"ऐकू द्या. देणार हणमंत कणसे. घेणार इंदुमती कणसे. घेताय ना?"

"घेतेय."

"कच्छ रद्द." मग जरा थांबून, "पोपट रद्द. परत म्हणा."

माझ्या हातातून पेन्सिल पडली. ती उचलायला वाकले आणि तशीच थोडी वाकून राहिले.

"उपकेंद्र. परत म्हणा."

"कच्छ रद्द," मी म्हटलं. "पोपट रद्द."

"बरोबर." आणि फोन ठेवला गेला.

"बाई," डाव्या कानातून आवाज आला, "कच्छ आपल्या हद्दीत येत नाही. आणि हा पोपट कुठल्या लाइनीचा फीडर? माझ्या नकाशावर दिसत नाहीये."

"घरगुती फीडर आहे, साहेब."

"असं होय. मग चालू आहे ना आता?"

"चालू झाला."

संध्याकाळी हे घरी आले ते भिजून चिंब. आत्तींनी सवयीनं गळा साफ केला. "विचारू का, भाकरी वाढू का म्हणून?"

"वाढ गं इंदू," हे म्हणाले. "सणकून भूक लागलीय."

आत्ती आमच्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी माझी नोकरी गेली म्हणा की," म्हणाल्या आणि आत जाऊन देवापुढं साखर ठेवून आल्या.

कच्छचं ह्यांनी दुपारीच मॅनेजरला कळवून टाकलं होतं. मी विचारलं, "माझ्यासाठी कशाला सोडलंत?" हे म्हणाले, "तुझ्यासाठी कोण सोडतंय. तिकडं खाली कोण पोपट बसलेला असेल, काय सांगावं." तेवढ्यावर तो विषय संपला. नंतर कधी ह्यांनी त्याबद्दल हळहळ केली नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

पण खरी गोष्ट मला पुढच्या आठवड्यात कळली. कंपनीचा मॅनेजर जीप घेऊन उपकेंद्रात आला, बरोबर आमच्या मंडळाचे कार्यकारी अभियंता. ऐन वाऱ्यात पवनचक्क्या बंद ठेवून कंपनीचं नुकसान केलं अशी तक्रार होती. मॅनेजर माझ्या तोंडावर म्हणाला, "बायकोनं फोन केला आणि नवऱ्यानं बटणं दाबली. घरचा कारभार आहे हा. दोघांवरही कारवाई झाली पाहिजे."

आमच्या साहेबांनी सरळ एलडीला फोन लावला. देवस्थळीसाहेबांनी टेप लावली आणि फोन त्या टेपजवळ धरला. त्यातून माझा आवाज आला, जरा कापरा: "एलडीच्या आदेशावरून, पठारावरचे ऑपरेटर हणमंत रामचंद्र कणसे यांना." मग ह्यांचा, माझ्या नावासकट. पुढचा प्रत्येक गट तसाच. त्यात ना नवरा होता ना बायको. मॅनेजरनं पूर्ण टेप ऐकली, टोपी काढून डोकं पुसलं आणि गेला. देवस्थळीसाहेबांनी टेप चौथ्या गटाशीच बंद केली होती. पुढचा पोपट त्यांनी कुणाला ऐकवला नाही.

मी त्या रात्री ह्यांना म्हटलं, "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, हे असं होणार ते."

"आपल्या दोघांना कोण सोडतंय. 'पठार' एवढंच बोलली असतीस तर आपण बोललो ते सगळं घरचंच झालं असतं. दोघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. तुझी आधी."

"आणि मला वाटलं, अबोल्याचा सूड उगवताय."

हे कुशीवर वळले. "तेही थोडं होतं," म्हणाले.

आता दोघंही निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली. आत्ती गेल्या. देवस्थळीसाहेबांना एकदा आमच्या मुलीच्या लग्नात प्रत्यक्ष पाहिलं. काटकुळे निघाले आणि पान खात नव्हते. पठारावर आता दुप्पट उंचीच्या नव्या पवनचक्क्या आहेत. त्यांना चहा लागत नाही म्हणतात, आणि उद्या किती वारा येणार ते आदल्या दिवशीच यंत्रावर दिसतं. बरं झालं. कुणाला दोन कानांना दोन फोन धरून बसावं लागत नाही.

अबोला आधी कुणी सोडला यावर मात्र आमचा अजून वाद आहे. हे म्हणतात, तू नाव घेतलंस, तू सोडलास. मी म्हणते, ऑफिसचं बोलणं धरायचं नसतं. "पोपट रद्द" हे पहिलं घरचं वाक्य, आणि ते तुमचं.

हल्ली ह्यांना कमी ऐकू येतं. "अहो" म्हणून चार हाका मारल्या तरी पेपरातून डोकं वर निघत नाही. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलंय, ते कपाटात आहे. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारात येते आणि मोठ्यानं म्हणते, "हणमंत रामचंद्र कणसे, रक्तदाबाची गोळी घ्या."

पेपर लगेच खाली येतो.

"इंदुमती कणसे यांचा आदेश मिळाला," हे म्हणतात. "गोळी घेतो."

एकदाही चुकत नाही. पहिल्या हाकेला.